होडीतले नऊ खटके

आधीच माफी मागून घेतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली, आणि होती तीसुद्धा हिंदीची. मराठी घरातली, आईकडून कानांनी शिकलेली. वेलांटी कुठे पहिली, कुठे दुसरी, ते मी अंदाजाने ठेवतो. शब्दही साधेच आहेत माझ्याकडे. पण गोष्टी जमत गेल्या की करायचं काय? आमच्या दुकानात एक पत्र्याचा डबा आहे, उरलेले स्क्रू त्यात पडत राहतात. मुद्दाम कोणी टाकत नाही, उपसून कोणी काढत नाही, आणि एक दिवस झाकणच बसत नाही! किश्शांचं तसंच झालं आहे. म्हणून लिहून राहिलो.

दुकान मदन महल स्टेशनजवळ आहे. आम्ही कपाटं बनवत नाही. कपाटांना जे लागतं ते बसवतो आणि दुरुस्त करतो. कुलपं, बिजागऱ्या, हँडल, खटके. माणसं तीन. नाना म्हणजे मालक, मूळ अमरावतीकडचे. जग्गू भैया सुतार, ग्वारीघाटचे. त्यांच्या घरात सगळे नाव, म्हणजे होडी, चालवतात, हे एकटेच लाकडात शिरले. आणि तिसरा मी, नितीन. हे सगळे किस्से एकाच कामाचे आहेत.

*

फोन मी उचलला होता. मला फोनवर बोलायची भीती वाटते, पण नानांचे हात ग्रीसमध्ये होते.

"नऊ कपाटांचे खटके बदलायचे आहेत. माप घ्यायला याल का?"

"हो काका. पत्ता सांगा."

"बरगी."

"बरगीत कुठे?"

"पाण्यात."

मी फोनवर हात ठेवला. "नाना, ते म्हणतात पाण्यात."

नानांनी मान वर न करता सांगितलं, "कितवा मजला आहे ते विचार. चौथ्याच्या वर आपण चढत नाही."

*

ते होते गोरे काका. फॅक्टरीतून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले. त्यांनी भोपाळहून एक जुनी शिडाची होडी ट्रकवर घालून आणली आणि बरगीच्या धरणाच्या पाण्यात ठेवली. आत छोटी केबिन, दोन बाजूंना बाकं, आणि बाकांच्या वर-खाली नऊ लहान कपाटं.

घरातलं कपाट सरळ उभं असतं. शिडाची होडी वाऱ्यात एका अंगावर कलते, मग कपाटातलं सगळं सामान दारावर येऊन आदळतं. दार धरून ठेवणारा फक्त खटका. यांचे खटके पितळेचे होते, आणि त्यांच्या जिभा, म्हणजे चौकटीत अडकणारी टोकं, वापरून वापरून साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या.

मागच्या खेपेला असंच एक दार उघडलं आणि डाळीचा स्टीलचा डबा गोरे काकूंच्या कपाळावर पडला. चार टाके. दवाखान्यातून निघतानाच काकूंनी सांगून टाकलं, "आणखी एक दार उघडलं, एकच, तर ही होडी विकायची. गिऱ्हाईक मी बघून ठेवते."

आणि खरंच बघून ठेवलं! रायपूरचा एक हॉटेलवाला. तो होडी लॉनवर मांडणार होता आणि आत लोकांना चाट खायला बसवणार होता.

काका दुकानात येऊन हे सांगत होते. "माझ्या होडीत पाणीपुरी विकतील हो, नाना!"

नानांनी हात पुसले. "नाही विकणार. नित्या करेल."

मी मागे वळून पाहिलं. दुसरा नित्या कोणी नव्हता. त्याआधी मी एकही काम एकट्याने केलं नव्हतं.

*

पहिल्या दिवशी जग्गू भैया लाकूड बघायला माझ्याबरोबर आले. केबिनच्या दारातून त्यांनी डोकं आत घातलं, नऊच्या नऊ कपाटं पाहिली आणि बाहेर काढलं.

"भैया, नाव में अलमारी काहे को?"

काका म्हणाले, "सामान रखने के लिए."

"हमारे यहाँ सामान नीचे रखते हैं. नीचे से गिरेगा कहाँ?"



*

मला पोहता येत नाही. होडी किनाऱ्याला दोन दोरांनी बांधलेली होती, खाली कमरेइतकं पाणी, तरी मी लाइफ जॅकेट घालूनच आत गेलो. कपाटांची मापं घेताना खालच्या एका कपाटात खांद्यापर्यंत शिरलो, आणि जॅकेट दाराच्या चौकटीत फसलं. पुढेही जाईना, मागेही येईना. आतून मी ओरडू कसा? पहिलाच दिवस! मी आपला गप्प, टेपने तेच ते माप घेत राहिलो.

दहा मिनिटांनी काकांच्या लक्षात आलं. त्यांनी माझे पाय हलवून पाहिले.

"नितीन, अडकलास का?"

"थोडासा, काका."

"चांगलं आहे. एवढं तर नक्की झालं, बुडणार नाहीस!"

*

तसे खटके बाजारात मिळाले नाहीत. हँडल बाहेर नाही, दाराला फक्त एक गोल भोक. त्यात बोट घालायचं, आतली जीभ दाबायची, की दार सुटतं. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातली सगळी दुकानं फिरलो. प्रत्येकाचं उत्तर एकच. "अब ये कौन लगाता है? मॅग्नेट लगवाओ भैया, पूरा शहर मॅग्नेट लगवा रहा है."

मला पटलं. घिसणार नाही, जीभ नाही, स्प्रिंग नाही. नानांना विचारायची लाज वाटली, म्हणून न विचारताच एका कपाटाला चार दमदार मॅग्नेट लावले. दार असं चिकटलं की दोन हातांनी ओढावं लागलं. मी खूश. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने काम केलं होतं.

काका चाचणीला होडी थोडी आत घेऊन गेले. पाच मिनिटांनी त्यांनी होकायंत्राच्या काचेवर टिचकी मारली. मग आणखी एक. मग चष्मा काढून पुसला. मग समोर उगवतीचा सूर्य होता त्याच्याकडे जरा रागाने पाहिलं.

होकायंत्र केबिनच्या भिंतीवर बाहेरून बसवलेलं. आणि माझं कपाट बरोबर त्याच भिंतीला आतून.

काका खाली आले, कपाट उघडलं, आत पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "नितीन, उत्तर दिशा पोह्यांच्या डब्यात आहे."

*

दुकानात आल्यावर मी सगळं नानांना सांगितलं. वाटलं, आता काम जाईल. नाना म्हणाले, "काहून बे, विचारायला तोंड नव्हतं?" तेवढंच. मग पितळेची जाड पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली.

नऊ जिभा मी हातांनी कापल्या. कानशीने एकेक घासली, धार सरळ ठेवली. पण टिकतील का, हे कळायचं कसं? दुकान तर कलत नाही!

तोड नानांनी काढली. एका जुन्या कपाटाला माझा खटका बसवला, कपाट स्टीलच्या भांड्यांनी भरलं आणि लोडिंग ऑटोमध्ये चढवलं. "महाराजपूरपर्यंत जाऊन ये. आपल्या रस्त्यावर टिकलं तर पाण्याची काय बिशाद!"

आता होडी कलते, म्हणून कपाटही कललेलं हवं. जग्गू भैया ऑटोच्या मागे उभे, कपाट छातीशी तिरकं धरून. मी दारासमोर बसलो, डोळे खटक्यावर. अधारतालच्या पुढे एका नाक्यावर हवालदारांनी हात दाखवला.

"क्या ले जा रहे हो?"

"अलमारी, साहब."

"सीधी काहे नहीं रखते?"

जग्गू भैया घामाघूम. "साहब, सीधी रखेंगे तो पता कैसे चलेगा?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी कपाटाभोवती एक चक्कर मारली, कान लावला, आतली भांडी वाजली, आणि ते दोन पावलं मागे सरकले. "जाओ. जल्दी जाओ यहाँ से!"

पुढच्याच स्पीडब्रेकरला दार उघडलं. कढई, सहा ताटं आणि एक झारा माझ्या मांडीवर. जीभ शाबूत होती. ती ज्यात अडकते ती पट्टीच लाकडातून उपटून आली होती. जुन्या भोकात नवा स्क्रू! मी इतके दिवस फक्त पितळेकडे पाहत होतो. धरत होतं लाकूड, आणि लाकूड थकलेलं होतं.

मग होडीतली सगळी जुनी भोकं सागाच्या खुंट्या ठोकून बुजवली, आणि शेजारी नवी पाडली. जग्गू भैयांनी खुंट्या करून दिल्या, पण होडीत आले नाहीत. म्हणाले, "हमने अपना सफर कर लिया."

*

गोरे काका ड्राफ्ट्समन, म्हणून त्यांनी नऊ दारांना नंबर घातले, नकाशा काढला, फाइल केली. मी एक खटका बसवला की ते डोळे मिटून आवाज ऐकत.

"सातवा टुक म्हणतो रे. बाकीचे टक म्हणतात."

मला फरक कळत नव्हता. तरी खोलून पाहिलं, तर स्प्रिंगखाली खरंच पितळेचा एक बारीक किस अडकलेला.

त्या दिवशी काकू डबा घेऊन आल्या होत्या. किनाऱ्यावरूनच म्हणाल्या, "बघ बाप्पा! घरात मी चार हाका मारते तर ओ नाही. खटक्याचं टुक ऐकू येतं!"

*

खरी पंचाईत पुढे होती. स्प्रिंग मी कडक घातल्या. दार हत्तीने ढकललं तरी उघडणार नाही अशा. काका खूश. काकू तपासायला आल्या. त्यांची बोटं संधिवाताने जरा वाकडी झालेली आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. चहाच्या कपाटाच्या भोकात त्यांनी बोट घातलं, जीभ दाबायचा प्रयत्न केला, आणि बोट आतच राहिलं.

निघेना! काकांनी साबण आणला. काकू म्हणाल्या, "ओढू नका, मी काय कॉर्क आहे?" मी पेचकस घेऊन दाराच्या बिजागऱ्या खोलायला लागलो, तर स्क्रू तीनदा पडला. ज्यांच्या मनावर सगळं काम अवलंबून, त्यांनाच मी दारात अडकवून ठेवलं होतं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "घाबरतोस काहून? तुझं दार उघडत नाही, एवढं तर मला पटलं."

बोट सुटायला वीस मिनिटं लागली. सुजलं होतं. काकूंनी त्याच हाताने चहा केला.

घरी परतताना मला एकच विचार. स्प्रिंग कडक ठेवली तर काकूंना कपाट उघडता येणार नाही. सैल केली तर वाऱ्यात दार उघडेल. नानांना विचारलं. या वेळी विचारलं! ते म्हणाले, "मधलं काहीतरी असतं नित्या. ते पुस्तकात नसते, अन् मी सांगून तुले कळणार नाही. दाबून दाबून बघ."

मी नऊही स्प्रिंगचा एकेक वेढा कापला. प्रत्येक दार शंभरदा उघडलं, शंभरदा लावलं. माझ्या बोटाला घट्टा पडला. मधलं सापडलं की नाही, ते मला आजही छातीठोक सांगता येणार नाही.

*

रविवारी चाचणी ठेवली. काकू आल्या त्या स्कूटरचं हेल्मेट घालून! किनाऱ्यावरचा चौकीदार बघत राहिला. काकांनी काही म्हणायला तोंड उघडलं, तर काकू म्हणाल्या, "टाके तुम्हाला पडले होते का?"

केबिनमध्ये, जिथे मागच्या वेळी डबा पडला होता, त्याच बाकावर त्या बसल्या. मांडीवर जेवणाची कापडी पिशवी, लाल नाडीची. "पडायचं ते माझ्या डोळ्यांसमोर पडू दे. आज काय तो निकाल." मी समोरच्या बाकावर. काका वर, सुकाणूवर. कपाटं सगळी भरलेली, काकूंनीच भरली होती, डाळीच्या डब्यासकट.

वारा आला. होडी कलली. सगळ्या कपाटांत सामान सरकल्याचा आवाज झाला. मी दारं मोजली. नऊ. सगळी बंद. वरून काकांनी विचारलं, "काय म्हणतात?"

"गप्प आहेत," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी हेल्मेटचा पट्टा सैल केला.

दुसरा झोत मोठा होता. काकांनी वरून "धरून बसा!" म्हणून आवाज दिला. माझी बाजू उंच गेली, काकूंची खाली. आणि माझ्या पाठीमागे 'टक' झालं.

तो बंद होण्याचा आवाज नव्हता.

चार नंबरचं दार माझ्या पाठीला येऊन टेकलं. आत ताटं होती, जड. मी मागे रेललो, दोन्ही पाय समोरच्या बाकाच्या फळीला लावले आणि पाठीने दार दाबून धरलं. काकूंची मान तेव्हा वर, काकांकडे वळलेली होती. मला वाटलं, हे एकट्या मलाच माहीत आहे.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मळमळतंय का रे?"

"नाही काकू."

"मग वर जाऊन बस जरा. वारा लागेल."

"इथेच बरं आहे."

त्या थोडा वेळ बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या, आणि पिशवी उघडून मला लोणचं घातलेला पराठा दिला. मी एका हाताने खाल्ला. चव कशाची होती ते आठवत नाही. जवळपास तासभर होडी त्याच अंगावर होती आणि मी तसाच. पाठीत ताटांची कड रुतत होती. मी मनात वाक्य जुळवत होतो. काकू, एक उघडलं. फक्त तीन शब्द, पण तेही तोंडातून निघेनात. कारण त्या तीन शब्दांनी होडी रायपूरला जात होती.

किनारा जवळ आला, होडी सरळ झाली. मी पाठीनेच दार ढकललं, ते बसलं. काका खाली वाकून आले. चेहरा असा की जणू पोराचा रिझल्ट आहे.

"नऊपैकी किती?"

ते माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं.

"नऊ," काकू म्हणाल्या.

काकांनी मला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं. मी उडी मारून किनाऱ्यावर गेलो, आणि काका लगेच दोर बांधायला. काकू पिशवी आवरायला म्हणून आत मागे राहिल्या. बाहेर आल्या त्या फोनवर बोलतच. "हो, हो, भाईसाब. नहीं बेचनी. चाट के लिए आप कुछ और देख लीजिए."

दुकानात नानांनी विचारलं, "झालं ना बे सगळं?" मी "हो" म्हणालो. घरी जेवण गेलं नाही. आईने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. काकूंनी नऊ म्हटलं होतं ते माझ्या भरवशावर. पुढच्या वेळी माझी पाठ तिथे नसेल, आणि त्या मात्र त्याच बाकावर असतील. मी ठरवलं, सांगायचं. होडी विकली तर विकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने बरगीला गेलो. आधी खटका बघायचा आणि मग काकूंच्या घरी जायचं, असं मनात होतं. चौकीदाराकडून किल्ली घेतली, केबिन उघडली.

चार नंबरचं दार बांधलेलं होतं. त्याच्या भोकातून आणि शेजारच्या पाच नंबरच्या भोकातून पिशवीची ती लाल नाडी ओवून, दोन्ही दारं एकमेकांना आवळून, वर नीट गाठ मारलेली.

मी बाकावर बसलो. थोड्या वेळाने उठलो, गाठ सोडली, नाडी गुंडाळून खिशात ठेवली, आणि चार नंबरचे स्क्रू काढायला घेतले.